दारावरची पाटी : बेघरांच्या बिऱ्हाडांचा इतिहास

राहण्याच्या जागेला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे दुसऱ्या कशाला क्वचितच असतील. वाडा, घर, बिऱ्हाड, खोली, चाळ, पडवी, ओवरी, मठ, धर्मशाळा, पाल, झोपडी. यांतला प्रत्येक शब्द इमारतीचा प्रकार तर सांगतोच, पण तेथे राहणाऱ्याचा त्या जागेवर हक्क किती, हेही सांगतो. वाड्यात मालक राहतो, बिऱ्हाडात भाडेकरू, धर्मशाळेत वाटसरू आणि देवळाच्या ओवरीत ज्याला कोणी उरले नाही तो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना हा भेद निराळा समजावून देण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आलेले आपले पूर्वज आधी बिऱ्हाडकरू होते आणि मग वाडेकरी झाले; पुढे कित्येकांचे वाडे गेले आणि ती मंडळी पुन्हा बिऱ्हाडात आली. त्यात कोणाला विशेष लाज वाटली नाही, कारण बिऱ्हाड म्हणजे भाड्याची जागा असली तरी तिच्या दाराला आपले कुलूप असते.

धर्मशाळा ही आपल्या समाजाने उभी केलेली थोर संस्था आहे यात शंका नाही. अहिल्याबाई होळकरांची या बाबतीतील कीर्ती नव्याने सांगायला नको. अलीकडच्या काळात गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त उतरतात. परंतु उतरलेला माणूस पुढे जाणारा आहे, हे धर्मशाळेचे गृहीतच असते. बहुतेक ठिकाणी तीन दिवसांची मर्यादा असे ती त्यासाठीच. चौथ्या दिवशी ज्याला जायला गावच नाही, त्याचे काय, या प्रश्नाला धर्मशाळेकडे उत्तर नव्हते. त्यातून तो माणूस भ्रमिष्ट असेल तर त्याची रवानगी गाणगापूर, नरसोबाची वाडी अशा दत्तस्थानांकडे होई. ‘बाधा’ झाली म्हणून आणलेली माणसे तेथे सेवा करीत राहत. काहींना घरची माणसे परत नेत, काही ओवरीतच म्हातारी होत.

युरोपातही असे एक स्थान होते आणि आहे. बेल्जियममधील गेल या गावी सेंट डिम्फ्ना या संत स्त्रीच्या देवळात मध्ययुगापासून वेड लागलेली माणसे आणली जात. देवळालगतची जागा पुरेनाशी झाली तेव्हा गावच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. हे ठेवून घेणे पुढे गावाची रीतच झाली. १९३८ साली गेलमधील कुटुंबांत अशा पाहुण्यांची संख्या ३,७०० च्या वर होती. आज ती बरीच रोडावली असली तरी प्रथा मोडलेली नाही. गेलचे कौतुक सगळ्यांनी केले, अनुकरण मात्र फारसे कोणाला साधले नाही. संताची दंतकथा आणि पाचसहा शतकांची सवय या गोष्टी सरकारी योजनेत बसवता येत नाहीत.

ज्या उत्तराचा इतिहास येथे सांगायचा आहे ते उत्तर न्यूयॉर्कसारख्या अत्यंत व्यापारी शहरात, विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत घडले. त्याला तिकडे जे नाव आहे त्याचा शब्दशः मराठी अवतार ‘साहाय्ययुक्त निवास’ असा होईल. हा शब्द शासकीय परिपत्रकात शोभेल. आपण ‘आधाराचे बिऱ्हाड’ म्हणू. कल्पना साधी आहे. रस्त्यावर किंवा निवाऱ्यात वर्षे काढलेल्या माणसाला एक खोली मिळते. भाडेकरार त्याच्या नावाचा, किल्ली त्याच्याकडे, मुदत नाही. भाडे तो आपल्या तुटपुंज्या भत्त्यातून, साधारण तीस टक्के, भरतो. आणि त्याच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर परिचारिका, समाजसेवक, औषधपाणी पाहणारे कोणी असते. त्यांची मदत घ्यावी की नाही हे त्याने ठरवायचे. न घेतली म्हणून खोली जात नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच लोकांच्या गळी उतरायला सर्वांत अवघड गेली.

या कल्पनेच्या आधी न्यूयॉर्कमध्ये काय होते ते पाहिले पाहिजे. शहराच्या दक्षिण भागात बावरी नावाचा रस्ता आहे. आपल्या कानाला तो शब्द बावरलेल्या माणसाची आठवण देतो. मूळ डच शब्दाचा अर्थ शेतवाडी असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा रस्ता एकट्यादुकट्या, कफल्लक, बहुधा दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांचा झाला. काही सेंटांत रात्रीपुरता बाक किंवा जाळीचे छत असलेला खुराडा मिळे. ज्याच्याजवळ तेवढेही नसत तो पोलीसचौकीच्या तळघरात फळीवर झोपे. ही चौकीतील सोय १८९६ साली बंद झाली. त्या वेळी पोलीसखात्याच्या मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. लगोलग १८९७ साली डेरियस ऑग्डेन मिल्स या धनिकाने ब्लीकर स्ट्रीटवर दीड हजारांहून अधिक लहान लहान खोल्यांचे एक प्रचंड वसतिगृह उघडले. रात्रीचे भाडे २० सेंट. आपण दानधर्म करीत नसून धंदा करीत आहोत, असे मिल्स आवर्जून सांगत, आणि ते खरे होते. एका माणसाला पुरेल एवढी खोली, शौचकूप व स्नानगृह सामाईक, स्वयंपाकाची सोय नाही किंवा नावापुरती, अशा एकखोली हॉटेलांनी पुढे अर्धे शहर भरून गेले.

मुंबईत बिऱ्हाड केलेल्या आपल्या नातलगांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. गिरणगावात कोकणातून आलेले चाकरमानी एका खोलीत दहा-बारा जण पाळ्यांनुसार झोपत आणि खाणावळीत जेवत. धोबीतलावच्या परिसरात गोमंतकीय ख्रिस्ती मंडळींचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. बोटीवर नोकरी धरलेल्या गावकऱ्याने बोट लागेपर्यंत तेथे नाममात्र पैशांत राहावे, पेटी ठेवावी, संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेला बसावे. गावाचे नाव दारावर असलेली ही खोली त्याला मुंबईत बेघर होऊ देत नसे. मोठ्या शहरांना अशा स्वस्त, काहीशा गैरसोयीच्या जागांची गरज असते. सुधारकांना त्यांची घाण दिसते, उपयोग दिसत नाही.

न्यूयॉर्कमध्ये हेच झाले. १९५५ साली शहराने कायदा करून नवी एकखोली हॉटेले बांधण्यास बंदी घातली. हेतू चांगलाच होता; कुटुंबांनी अशा खुराड्यांत राहू नये असे शासनकर्त्यांना वाटत होते. योगायोग असा की अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांची लोकसंख्या आपल्या शिखराला पोचली ती त्याच वर्षी. देशभर सुमारे ५,५९,००० माणसे या रुग्णालयांत बंद होती, त्यांपैकी ९३,००० च्या आसपास एकट्या न्यूयॉर्क राज्यात. एकीकडे दार बंद होत होते आणि दुसरीकडे एक भले मोठे फाटक उघडण्याच्या बेतात होते. या दोन गोष्टींचा मेळ पुढच्या पंचवीस वर्षांत कसा बसेल, याचा विचार त्या वेळी कोणत्याही खात्याने केला नाही. आरोग्यखाते वेगळे, इमारतखाते वेगळे!

फाटक उघडले ते औषधाने. क्लोरप्रोमझिन हे औषध १९५४ साली अमेरिकेत वापरात आले आणि वर्षानुवर्षे कोंडलेले रुग्ण शांत होऊ लागले. त्याच सुमारास या रुग्णालयांतील अमानुष स्थितीचा बभ्रा झाला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना या विषयात घरचे दुःख होते. त्यांच्या बहिणीवर १९४१ साली मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली होती आणि त्यातून ती कायमची अपंग झाली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार गावोगावी मानसिक आरोग्यकेंद्रे उघडायची आणि रुग्णांनी घराजवळ उपचार घ्यायचे असे ठरले. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. योजलेल्या दीड हजार केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. रुग्णालये मात्र झपाट्याने रिकामी झाली, कारण १९६५ च्या मेडिकेड योजनेत मोठ्या मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च केंद्र सरकार देणार नव्हते. रुग्ण बाहेर गेला की राज्याचा पैसा वाचत होता. १९८० पर्यंत देशभरातील ही संख्या दीड लाखाच्याही खाली आली.

‘घराजवळ उपचार’ ही कल्पना घर असलेल्यांसाठी होती. ज्यांचे आईबाप रुग्णालयात असतानाच वारले, ज्यांच्या भावांनी पत्ता बदलला, ते गोळ्यांची पुडी घेऊन जाणार कोठे? ते एकखोली हॉटेलांत गेले. मॅनहॅटनमधील कित्येक हॉटेले अशा माणसांनी भरली. मालक खूष नव्हते, शेजारी नाखूष होते, पण डोक्यावर छप्पर होते. मग सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर शहराने जुन्या इमारतींचे नूतनीकरण करून त्यांत चांगली घरे काढणाऱ्यांना करसवलत दिली आणि ती एकखोली हॉटेलांनाही लागू केली. मालकांना एवढेच हवे होते. भाडेकरू हुसकावण्याचे जे जे मार्ग असतात ते सर्व अवलंबिले गेले. पन्नाशीच्या दशकापासून मोजले तर शहराने अशा लाखभर खोल्या गमावल्या. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पदपथांवर जी माणसे अचानक दिसू लागली आणि ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रांतून ‘हे आले कोठून?’ असे विचारले जाऊ लागले, ती कोठूनही आली नव्हती. ती तेथेच दोन गल्ल्या पलीकडे राहत होती.

प्रकरण प्रथम न्यायालयात गेले. रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने १९७९ साली बावरीवरील बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला. गरजूंना मदत करणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे कलम न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १९३८ पासून होते. महामंदीच्या दिवसांत घातलेल्या त्या कलमावर हेज यांनी सगळा भार टाकला. वादी होता रॉबर्ट कॅलहन नावाचा बेघर, मद्यासक्त गृहस्थ. ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि मागेल त्या बेघर पुरुषाला रात्रीचा निवारा देण्याचे शहराने मान्य केले. कॅलहन हे ऐकायला उरला नव्हता. हुकूमनाम्याच्या आधीच तो रस्त्यावर मरण पावला होता. पुढे हाच हक्क स्त्रियांना व कुटुंबांनाही मिळाला.

हा विजय मोठा होता, पण निवारा म्हणजे काय हे थोड्याच दिवसांत कळून चुकले. शहराने जुन्या सैनिकी कवायतखान्यांत शेकडो खाटा ओळीने मांडल्या. रात्रभर दिवे जळत, उशाखालचे बूट चोरीला जात, आणि सकाळी बाहेर पडावे लागे. भ्रमिष्ट माणसाला तर असे दालन म्हणजे नरकच. पुष्कळांनी त्यापेक्षा भुयारी रेल्वेचे फलाट पसंत केले. धर्मशाळेचाच दोष येथे मोठ्या प्रमाणावर दिसला. रोज रात्री माणसाने नव्याने याचक व्हायचे होते.

खरे उत्तर शोधले ते तीन फ्रान्सिस्कन साधूंनी, आणि तेही उत्तर शोधण्याच्या हेतूने नव्हे. फादर जॉन फेलिस, फादर जॉन मॅकव्हीन आणि फादर थॉमस वॉल्टर्स ही त्यांची नावे. पश्चिम ३१ व्या रस्त्यावरील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी या चर्चशी ते संबंधित होते. या चर्चच्या दारात १९३० पासून रोज सकाळी भुकेल्यांना पाव वाटला जातो. आपल्या अन्नछत्रासारखीच ती परंपरा. जवळच ॲबरडीन नावाचे एकखोली हॉटेल होते आणि तेथील पुष्कळ भाडेकरू मनोरुग्णालयांतून सुटलेले होते. साधूंनी सत्तरीच्या दशकात तेथे जायला सुरुवात केली. कोणाला दवाखान्यात न्यायचे, कोणाच्या भत्त्याचा अर्ज भरायचा, कोणाशी नुसते बोलत बसायचे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की ही माणसे मुळात राहू शकतात. मदत मिळाली, गोळ्या वेळेवर मिळाल्या, भाडे भरण्याची आठवण कोणी केली, की ती वर्षानुवर्षे एका खोलीत सुखाने राहतात.

मग ॲबरडीन विकले गेले. पर्यटकांसाठी नवे हॉटेल होणार म्हणून भाडेकरूंना निघावे लागले. या ठिकाणी सामान्य धर्मादाय संस्थेने पांघरुणे वाटली असती. साधूंनी पूर्व २४ व्या रस्त्यावरची एक इमारत विकत घेतली आणि १९८० साली तेथे सेंट फ्रान्सिस निवास सुरू केला. ॲबरडीनमधील काही माणसे तेथे आली. वरती खोल्या, खाली परिचारिकेची खोली, समाजसेवक, येऊन-जाऊन असणारा मनोविकारतज्ज्ञ, जेवणाची सोय, चित्रे काढायची जागा. ज्यांना औषध घ्यायचे नसे त्यांच्याशी रोज बोलणे होई. बाहेर काढले जात नसे. पुढील काही वर्षांत असेच आणखी दोन निवास त्यांनी उघडले.

या तिघांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही, आणि म्हणूनच की काय, या विषयाच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोलाची सूझ त्यांचीच. ‘या लोकांचे काय करावे’ असा विचार त्यांनी केला नाही. ‘यांची खोली जाते आहे, ती राखावी कशी’ एवढेच त्यांनी पाहिले. पहिल्या प्रश्नातून संस्था निघते, दुसऱ्यातून बिऱ्हाड.

सरकारने ही गोष्ट दहा वर्षांनी उचलली. १९९० साली महापौर डेव्हिड डिंकिन्स आणि गव्हर्नर मारिओ क्युओमो यांच्यात करार झाला आणि शहर व राज्य मिळून बेघर मनोरुग्णांसाठी ३,६१५ घरे उभारली गेली. शहर आणि राज्य यांचे त्या काळी एकमत होणे हीच मोठी बातमी होती. त्याच सुमारास रोझॅन हॅगर्टी या तरुणीने टाइम्स स्क्वेअरजवळचे, विसाच्या दशकात बांधलेले आणि पार मोडकळीस आलेले एक थोरले हॉटेल हाती घेतले. तेथे ६५२ खोल्या तयार झाल्या. हॅगर्टी यांनी त्या सगळ्या बेघरांना दिल्या नाहीत. साधारण अर्ध्या खोल्यांत अल्प उत्पन्नाचे नोकरदार, नाटकांतली कामे शोधणारे नट असे लोक ठेवले. इमारतीचा संगमरवरी दिवाणखाना घासूनपुसून पूर्ववत केला, तळमजल्यावर आइस्क्रीमचे दुकान काढून त्यात भाडेकरूंना नोकऱ्या दिल्या. बाहेरून पाहणाऱ्याला कोण कोणत्या खोलीतला हे कळू नये, हा त्यामागील हेतू.

पैशाचा हिशेब हवाच असतो, तोही झाला. १९९० च्या करारातील घरांत गेलेल्या ४,६७९ जणांच्या नोंदी डेनिस कलहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घर मिळण्यापूर्वी निवारे, रुग्णालये, तुरुंग यांवर अशा एकेका माणसामागे वर्षाला सुमारे ४०,४५१ डॉलर खर्च होत होते. घर मिळाल्यावर त्यात १६,२८१ डॉलरांची घट झाली. घराचा आणि मदतीचा मिळून वार्षिक खर्च १७,२७७ डॉलर. म्हणजे माणसाला रस्त्यावर ठेवणे आणि घरात ठेवणे यांतील फरक वर्षाला हजार डॉलरांच्या आतला! बेघरपणा स्वस्त आहे हा समज या आकड्यांनी मोडला. शेजाऱ्यांची ‘आमच्या गल्लीत नको’ ही ओरडही तपासली गेली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात असे आढळले की अशा इमारतींमुळे आसपासच्या घरांच्या किमती घसरत नाहीत.

दरम्यान १९९२ साली सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक पाऊल टाकले. त्या काळची सर्वमान्य पद्धत जिन्याची होती. आधी निवारा, मग दारू सोडल्यास मधले घर, मग औषधे नियमित घेतल्यास अर्धे स्वातंत्र्य, आणि सर्वांत वरच्या पायरीवर स्वतःचे घर. प्रत्येक पायरीवर परीक्षा, आणि नापास झाल्यास थेट रस्ता. त्सेंबेरिस यांनी जिनाच काढून टाकला. रस्त्यावरच्या माणसाला एकदम सामान्य वस्तीतील भाड्याचे घर द्यायचे, बाकीचे नंतर. एकाच इमारतीत सगळे नकोत, शहरभर विखुरलेली घरे असावीत, मदतनिसांनी त्यांच्या दारी जावे. दारूड्याला आणि भ्रमिष्टाला घर दिले तर महिन्यात मोडेल, असे भाकीत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांनंतर यांतील ८८ टक्के भाडेकरू घरातच होते. जिन्याच्या पद्धतीत हे प्रमाण ४७ टक्के होते. ‘घर आधी’ हे नाव मग जगभर गेले.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतून दोन हजारांहून अधिक लोकांवर हा प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला. शेवटच्या सहा महिन्यांत ‘घर आधी’ गटातील ६२ टक्के लोक सर्वकाळ घरात होते, नेहमीच्या पद्धतीतील ३१ टक्के. परंतु हाही निष्कर्ष निघाला की आजाराची लक्षणे दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. घराने बेघरपणा जातो, वेड जात नाही. उत्साही पुरस्कर्ते हे वाक्य हळू आवाजात बोलतात. ते मोठ्याने बोलायला हवे, कारण त्यात काही कमीपणा नाही. विखुरलेल्या घरांतील दुसरी अडचण एकटेपणाची. चार भिंतींत एकटा बसलेला माणूस कधीकधी जुन्या रस्त्यावरच्या सोबत्यांकडे परत जातो. येथे साधूंची एक इमारत, एक जेवणघर ही जुनी रीत अधिक शहाणपणाची वाटते.

फिनलंडने या दोन्ही रीतींचा मेळ घातला. २००७ साली एका लहान तज्ज्ञगटाने, ज्यात हेलसिंकीचे बिशपही होते, सरकारला अहवाल दिला. त्याचे नाव फिनी भाषेत ‘निमी ओवेस्सा’, म्हणजे ‘दारावर नाव’. पाटीचे महत्त्व आपल्याला काय सांगावे! नवीन घरात सामान लागण्याआधी दारावर नावाची पाटी लावणारे आपण लोक. २००८ पासून त्या देशाने रात्रनिवारे बंद करून त्यांचीच घरे केली. हेलसिंकीतील मुक्तिफौजेच्या अडीचशे खाटांच्या निवाऱ्याच्या जागी ८१ स्वतंत्र घरे झाली. १९८७ साली त्या देशात १८,००० च्या वर बेघर होते, ते २०२३ साली ३,४२९ उरले. पुढच्याच वर्षी मात्र, भत्त्यांत कपात झाल्यावर, संख्या ३,८०६ वर गेली. अमेरिकेत तर वाराच फिरला आहे. जानेवारी २०२४ च्या गणनेत तेथे ७,७१,४८० बेघर मोजले गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याचा शहरांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ‘घर आधी’ या धोरणाचा केंद्रीय आधार काढून घेण्याचे ठरले. बिऱ्हाडे थोडी, माणसे फार, म्हणून प्रश्न सुटला नाही. आणि प्रश्न सुटला नाही म्हणून दोष बिऱ्हाडांचा, असा तो युक्तिवाद आहे.

आता आपल्याकडे. २०११ च्या जनगणनेत १७.७ लाख माणसे बेघर नोंदली गेली. जुन्या मुंबई राज्याचा १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा पुढे महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे वारशाने आला, आणि कित्येक वर्षे बेघरांशी सरकारचा संबंध त्याच्याच द्वारे येई. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्या शहरापुरती त्यातील मुख्य कलमे रद्द केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांतून लाख लोकवस्तीमागे एक निवारा उभारण्यास फर्मावले. हा आपला कॅलहन-हुकूमनामा म्हणता येईल, आणि त्याच्या मर्यादाही त्याच.

मनोरुग्ण बेघरांसाठी आपल्याकडे दोन वाटा दिसतात. डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राची वाट परत घरी नेण्याची. रस्त्यावरून उचलायचे, उपचार करायचे, बोलीवरून आणि आठवणींवरून गाव शोधायचे आणि रेल्वेने घरी पोचवायचे. कर्जतच्या केंद्रातून हजारो माणसे अशी देशाच्या कानाकोपऱ्यांत परत गेली आहेत. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुटुंब हेच आपल्या देशातले खरे आधाराचे बिऱ्हाड, या गृहीतावर ही वाट चालते, आणि पुष्कळदा ते गृहीत खरे ठरते.

जेथे ते खरे ठरत नाही तेथे दुसरी वाट लागते. चेन्नईत १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी ‘द बनियन’ ही संस्था रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्रियांसाठी काढली. पुष्कळ जणी बऱ्या होऊन घरी गेल्या. ज्यांना घरी घेणारे कोणी नव्हते, किंवा ज्यांनी स्वतःच ‘त्या घरी नाही जायचे’ म्हटले, त्या संस्थेत अडकल्या. २०१५ पासून अशा चारपाच जणींनी मिळून साध्या वस्तीत भाड्याचे घर घ्यावे आणि एक मदतनीस बाई त्यांच्यासोबत असावी अशी योजना सुरू झाली. न्यूयॉर्कची एकेक खोली येथे चौघींची चूल झाली. एकटीने राहणे ही आपल्याकडे मुभा नसून शिक्षा समजली जाते, हे जाणून केलेला तो बदल आहे. तमिळनाडूनंतर केरळ, आसाम असे करीत ही घरे आपल्या रत्नागिरीतही पोचली.

रत्नागिरीचा उल्लेख मुद्दाम केला. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तेथे आहे, आणि असे एखादे रुग्णालय आपणा बहुतेकांच्या गावी किंवा गावाजवळ आहे : ग्वाल्हेरला, इंदुरात बाणगंगेला, बडोद्याला, बेळगावकरांसाठी धारवाडला, गोव्यात बांबोळीला, हैदराबादेत एर्रागड्डाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, केवळ कुटुंब नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अशा माणसासाठी साहाय्याचा निवास उभारणे हे सरकारचे काम ठरले आहे. अशा रुग्णालयांतून कधीच्या बऱ्या झालेल्या, पण कोणी न्यायला न आलेल्या बायका आणि पुरुष आहेत. त्यांच्यात मराठी नावेही असणारच. आपल्या घराण्यांच्या वंशावळ्या आपण मोठ्या अगत्याने छापतो. त्यांत एखाद्या आत्याच्या किंवा धाकट्या काकाच्या नावापुढे नुसतीच रेघ असते, सालही नसते.